प्रायमरमुळे फाउंडेशन खरंच टिकतं का? स्वस्तातल्या ट्यूबांची अर्ध्या चेहऱ्यावरची परीक्षा

प्रायमर म्हणजे फाउंडेशनच्या आधी, त्याच्या खाली लावायचा थर. औषधांच्या दुकानात किंवा सुपरमार्केटच्या फळीवर मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रायमरवर मेकअप दिवसभर टिकवण्याचं आश्वासन छापलेलं असतं. निकाल आधीच सांगून टाकतो. तेलकट त्वचेवर, नाक आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना, योग्य जातीचा प्रायमर फरक पाडतो. गालांच्या बाहेरच्या भागावर, कानशिलांकडे आणि जबड्याच्या कडेला तो जवळपास काहीच करत नाही. फाउंडेशन मुळातच लाँगवेअर, म्हणजे तासन्तास टिकण्यासाठी बनवलेलं असेल, तर नाकावरचा फरकसुद्धा भिंग घेऊन शोधावा लागतो. सगळ्या तोंडाला प्रायमर थापणं म्हणजे बहुतेकदा फक्त ट्यूब लवकर संपवणं.

हे पटायला अवघड जातं, कारण प्रायमर लावल्यावर लगेच जे दिसतं ते खरोखर छान असतं. रोमछिद्रं भरून येतात, बोट फिरवलं की त्वचा मखमलीसारखी लागते, फाउंडेशन सरसर पसरतं. पण हा झाला पहिल्या पाच मिनिटांचा गुण. टिकण्याचा प्रश्न आठव्या तासाचा आहे आणि तिथे वेगळंच रसायन काम करतं.

फाउंडेशन उतरतं ते नेमकं कशाने, ते आधी पाहू. पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्वचेतून वर येणारं तेल. ट्रायग्लिसराइड, मेणासारखे एस्टर आणि स्क्वालीन यांचं हे मिश्रण खालून फाउंडेशनच्या थरात शिरतं, रंगद्रव्याचे कण सुटे करतं, आणि मग नाकावर ठिपके-ठिपके दिसू लागतात. दुसरं घाम. तिसरं घासणं: चष्म्याच्या नाकपट्ट्या, मास्क, फोन, सर्दीतला रुमाल. चौथं हालचाल, म्हणजे हसल्यावर पडणारी रेघ आणि डोळ्यांखालची घडी. पाचवं कोरडेपणा, ज्यात पापुद्रे सुटतात आणि फाउंडेशन त्यांना चिकटून उठून दिसतं. प्रत्येक प्रायमर यातल्या एखाद-दुसऱ्या कारणावरच इलाज असतो. पाचही कारणांवर चालणारी ट्यूब अजून निघालेली नाही, झाकणावर काहीही लिहिलेलं असो.

दुपारी फाउंडेशन गडद किंवा नारिंगी दिसतं तेव्हा सगळे ‘ऑक्सिडाइझ झालं’ म्हणतात. फाउंडेशनला रंग देणारे लाल आणि पिवळे आयर्न ऑक्साइड आधीच पूर्ण ऑक्सिडाइझ झालेले असतात. त्यांचं आणखी काही व्हायचं बाकी नसतं. रंग बदलतो तो मुख्यतः उडून जाणारे द्रव उडाल्यामुळे आणि कण तेलात भिजल्यामुळे. तेल शोषणारा प्रायमर हे थोडं लांबवू शकतो. पण लावल्यानंतर दहा मिनिटांतच शेड गडद होत असेल, तर तिथे प्रायमर बदलून उपयोग नाही, शेड बदला.

आता परीक्षा कशी घ्यायची. हातावर प्रायमर लावून, त्यावर फाउंडेशनचा पट्टा ओढून, वरून पाणी ओतणाऱ्या रील्स विसरून जा. हाताच्या आतल्या बाजूला तैलग्रंथी अगदी थोड्या असतात आणि तळहाताला तर नसतातच. ज्या गोष्टीने फाउंडेशन चेहऱ्यावरून उतरतं तीच तिथे हजर नसते. शिवाय पाण्याला टिकणं हा मुख्यतः फाउंडेशनमधल्या फिल्म बनवणाऱ्या पॉलिमरचा गुण आहे, खालच्या प्रायमरचा नाही.

खरी परीक्षा चेहऱ्यावरच, अर्ध्या-अर्ध्या भागावर घ्यायची. तोंड धुवा, दोन्ही बाजूंना तेच मॉइश्चरायझर आणि तेच सनस्क्रीन सारख्या प्रमाणात लावा, दहा ते पंधरा मिनिटं थांबा. मग एकाच बाजूला प्रायमर. त्यानंतर हात धुवायचे, कारण बोटांना राहिलेलं सिलिकॉन दुसऱ्या बाजूला जातं आणि सगळी तुलना तिथेच बिघडते. फाउंडेशनसाठी दोन वेगळे स्पंज घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असेल तर प्रत्येक बाजूला ०.२ ग्रॅम, नसेल तर एक पंप काढून बशीवर सुरीच्या टोकाने त्याचे दोन सारखे भाग करा. हे मोजमाप कंटाळवाणं आहे, पण ते वगळता येत नाही. प्रायमरवर फाउंडेशन सहज सरकतं, म्हणून त्या बाजूला नकळत कमी लागतं. आणि पातळ थर तसाही जास्त टिकतो. मग श्रेय प्रायमरला द्यायचं की कमी लावण्याला?

पहिल्या फेरीत पावडर नाही, सेटिंग स्प्रे नाही. फोटो पहिल्या, चौथ्या आणि आठव्या तासाला, खिडकीपाशी नव्हे तर एकाच दिव्याखाली, कारण दिवसभरात उजेड बदलतो. फोनचा मागचा कॅमेरा वापरा; पुढचा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये फिल्टर बंद असला तरी त्वचा गुळगुळीत करून दाखवतो. एक्सपोजर लॉक करा, म्हणजे फोटोचा उजळपणा आपोआप बदलणार नाही. पुढच्या फेरीत बाजू बदला. एका कुशीवर झोपणं, फोन एकाच कानाला धरणं, एका हाताने गाल टेकवणं यामुळे दोन बाजू मुळातच सारख्या नसतात.

सर्वात मोठी फसवणूक फोटो बघताना होते. प्रायमरची बाजू सुरुवातीलाच जास्त नितळ दिसते आणि डोळा ते श्रेय आठव्या तासापर्यंत वाहून नेतो. म्हणून दोन बाजू एकमेकींशी ताडू नका. प्रत्येक बाजू तिच्याच पहिल्या तासाच्या फोटोशी ताडा: इथलं किती गेलं, तिथलं किती गेलं? घरातल्या कुणाला तरी, कोणत्या बाजूला काय आहे ते न सांगता, फोटो दाखवा. नाकाची कड, कपाळाचा मध्य, हसण्याची रेघ, हनुवटी आणि डोळ्याखाली, या पाच जागांबद्दल वेगवेगळं विचारा. ‘कोणती बाजू छान दिसते’ असं विचारलंत तर रोमछिद्रं जिंकतील, टिकाऊपणा नाही.

आता निकाल, जातीनुसार.

सिलिकॉनचे, रोमछिद्रं भरणारे

मेबेलिनचा बेबी स्किन, निक्सचा पोअर फिलर, एल्फची पोअरलेस पुट्टी ही या जातीतली ओळखीची नावं. घटकांच्या यादीत अगदी वर डायमेथिकोन (एक सिलिकॉन) आणि डायमेथिकोन क्रॉसपॉलिमर दिसतात. बऱ्याचदा सोबत सिलिका. क्रॉसपॉलिमर म्हणजे सिलिकॉनची विणलेली जाळी. ती छिद्रांमधले खड्डे भरते आणि थोडं तेल स्वतःत धरूनही ठेवते. इथेच नाकावरचा फायदा येतो. प्रायमर नसलेल्या बाजूला चौथ्या तासाला नाकपुडीच्या वरच्या वळणात जे ठिपके उघडे पडतात, ते प्रायमरच्या बाजूला उशिरा पडतात. पण तेल अडत नाही, फक्त थोपवलं जातं. जाळी भरली की तोच थर घसरगुंडी होतो, आणि मग फाउंडेशन ठिपक्यांऐवजी सालपटासारखं सरकतं. खूप तेलकट त्वचेवर आठव्या तासाला दोन्ही बाजू जवळपास एकाच अवस्थेला पोचलेल्या दिसतात. म्हणजे वेळ मिळतो तो मधल्या काही तासांचा.

प्रमाण इथे फार महत्त्वाचं. वेष्टनावर ‘वाटाण्याएवढा’ लिहिलेलं असतं. नाक, त्याच्या बाजूचे गाल आणि भुवयांमधली जागा यासाठी मुगाच्या दाण्याएवढा पुरतो. तो चोळायचा नाही. बोटाच्या टोकाने छिद्रांवर दाबत, छोट्या गोल हालचालीने भरायचा, आणि बोटावर उरलेला कपाळाला पुसायचा. सगळ्यात जास्त बिघाड जाड थराने होतो. एल्फच्या पुट्टीसारखा घट्ट प्रकार असेल तर आधी बोटांत ऊब देऊन मऊ करा, नाहीतर एका जागी गोळा बसतो. कोरड्या त्वचेवर ही जात टाळलेलीच बरी: टिकण्यात काहीच वाढ होत नाही, आणि पापुद्र्यांच्या कडेला पांढरट रेघ दिसते ती वेगळीच.

मॅट करणारे

हेही सिलिकॉनचेच, फक्त सिलिका किंवा नायलॉन-१२ सारखी पावडर जास्त. चमक रोखण्यात हे वरच्या जातीपेक्षा सरस, आणि कपाळाच्या मध्यावर यांचं काम उठून दिसतं. लावायचे ते फक्त टी-झोनवर, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटीवर. डोळ्यांखाली आणि हसण्याच्या रेघेवर लावले की दुपारपर्यंत घडीत पांढरी रेघ साचते. सिलिका भरपूर असलेला प्रायमर आणि वर सिलिकाचीच पावडर असा जोड असेल, तर बाहेर पडण्याआधी फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. आरशात न दिसणारे पांढरे डाग फ्लॅशमध्ये दिसतात.

चिकट, पकड देणारे

एल्फचा पॉवर ग्रिप आल्यापासून स्वस्तातल्या फळीवर ही जात पसरली आहे. पाण्याचं जेल, त्यात भरपूर ग्लिसरीन आणि त्वचेवर चिकट थर सोडणारे घटक. २०१५ मध्ये पुरुषांचा दाढीनंतरचा एक बाम प्रायमर म्हणून यूट्यूबवर गाजला, त्यामागेही हेच ग्लिसरीन होतं. (तो वापरायची आता गरज नाही. त्यात सुगंध असतो आणि त्याच कामासाठी बनवलेल्या ट्यूबा आता मिळतात.)

या जातीचं बळ तेलात नाही, घासण्यात आहे. चष्म्याच्या नाकपट्टीखाली, मास्कच्या कडेला, कोरड्या किंवा सर्वसाधारण गालावर फाउंडेशन खरंच जास्त धरून राहतं. फक्त वेळ साधावी लागते. लावून तीस ते साठ सेकंद थांबायचं, बोट टेकवून उचललं की ओढ लागली पाहिजे पण बोटाला ओल लागता कामा नये. ओलं असताना फाउंडेशन लावलं तर दोन्ही मिसळतात आणि पट्टे पडतात. पूर्ण सुकू दिलं तर पकड गेली. फाउंडेशन स्पंजने थोपटत बसवायचं. ब्रश ओढला की तो खालचा थरही सोबत ओढतो. दोन पंप ही चूक फार जण करतात, एक पंप सगळ्या चेहऱ्याला पुरून उरतो.

दमट हवेत मात्र ग्लिसरीन ओलावा धरून बसतं. चेहरा दुपारपर्यंत चिकट राहतो, केस गालाला लागतात, आणि वर लावलेली पावडर जिथे पडली तिथेच अडकते, मग ती पसरवायला जाल तर ठिगळ पडतं. तेलकट नाकावर या जातीने आमची निराशाच केली. तेल खालून येतं तेव्हा वरची पकड काय करणार?

बाकीचे

चमक देणाऱ्या प्रायमरमध्ये अभ्रकाचे कण असतात; दिसायला छान, टिकण्याशी संबंध नाही. हिरवे आणि जांभळे प्रायमर रंग सुधारण्यासाठी असतात, तेही मोजक्या जागी. एसपीएफ असलेला प्रायमर सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीवर मोजलेला असतो, आणि प्रायमर त्याच्या कितीतरी पातळ लावला जातो.

दुसरी फेरी आमच्या मते पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे आणि ती कुणी करत नाही. एका बाजूला फक्त प्रायमर. दुसऱ्या बाजूला प्रायमर नाही, पण टी-झोनवर पफने दाबून बसवलेली साधी सुटी पावडर. तेलकट त्वचेवर पावडरची बाजू जिंकते, आणि उघड जिंकते. मग दोन्ही बाजूंना पावडर लावून फक्त एका बाजूला प्रायमर ठेवलात, तर प्रायमरचा वाटा आणखी आक्रसतो. नाकाच्या कडेला तो उरतो, बाकी ठिकाणी नाही. त्यामुळे प्रायमर आणि चांगली पावडर यांतलं एकच घ्यायचं असेल, तर पावडर घ्या. पावडरने चेहरा सपाट आणि कोरडा दिसतो अशी तक्रार असेल, तर ती फक्त नाक, भुवयांमधली जागा आणि हनुवटी इथेच दाबा.

लाँगवेअर फाउंडेशनचं गणित वेगळं आहे. त्यांत ट्रायमिथाइलसिलॉक्सीसिलिकेटसारखे फिल्म बनवणारे घटक आणि आयसोडोडेकेनसारखे उडून जाणारे द्रव असतात. द्रव उडाला की फिल्म त्वचेला घट्ट बसते. तिच्याखाली जाड, मऊ सिलिकॉनचा थर ठेवला तर फिल्मला धरायला त्वचाच मिळत नाही. अशा फाउंडेशनखाली जास्त प्रायमर लावल्याने टिकाऊपणा वाढायच्या ऐवजी घटलेला दिसतो. इथे नाकाची कड सोडून प्रायमर नकोच.

‘पाण्याच्या फाउंडेशनखाली पाण्याचा प्रायमर, सिलिकॉनखाली सिलिकॉनचा’ हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. अर्धा बरोबर आहे. अडचण अशी की यादीत पहिलं नाव पाणी असलं म्हणजे फाउंडेशन पाण्याचं असं होत नाही. पुष्कळ फाउंडेशनमध्ये पाण्याचे थेंब सिलिकॉनच्या आत कोंडलेले असतात. नावांच्या शेवटी ‘-कोन’ किंवा ‘-सिलॉक्सेन’ असलेले घटक पहिल्या चार-पाचांत असतील तर ते बहुधा सिलिकॉनचं. खात्री करायला ग्लासभर पाण्यात फाउंडेशनचा एक थेंब टाका आणि चमच्याने हलकं ढवळा. पाण्याचं असेल तर पाणी दुधाळ होतं. सिलिकॉनचं असेल तर थेंब गोळा होऊन राहतो, तुकडे झाले तरी विरघळत नाही, आणि चमच्याला बुळबुळीत लेप चिकटतो. मग मनगटावर प्रायमर आणि फाउंडेशन समान घेऊन बोटाने मिसळा. दाणे दाणे झाले किंवा दही फाटल्यासारखं झालं, तर ती जोडी चेहऱ्यावरही तशीच वागणार.

फाउंडेशन लावताना रबराच्या चुऱ्यासारख्या बारीक वळ्या सुटतात, त्याचा दोष नेहमी प्रायमरवर जातो. खरा गुन्हेगार बहुतेकदा त्याच्या खाली असतो. कार्बोमर किंवा झँथन गमने घट्ट केलेलं सीरम पूर्ण सुकलेलं नसतं, किंवा सनस्क्रीनचा जाड थर अजून बसलेला नसतो, आणि वरून सिलिकॉन चोळलं की तो थर गुंडाळला जातो. शोधायची पद्धत सोपी आहे. एक दिवस फक्त सीरम आणि सनस्क्रीन लावा, पंधरा मिनिटांनी कोरडं बोट गालावर घासा. वळ्या आल्या तर प्रायमर निर्दोष. नाही आल्या तर प्रायमर लावून पुन्हा घासा, मग फाउंडेशन लावून. ज्या पायरीला वळ्या येतात, तिच्या आधीचा थर कमी करा किंवा त्याला जास्त वेळ द्या. सनस्क्रीन मात्र कमी करू नका, सीरम रात्रीवर ढकला.

घटकांची यादी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १ टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. झाकणावर ठळक छापलेलं हायल्युरॉनिक ॲसिड यादीत सुगंध आणि प्रिझर्वेटिव्हच्या शेजारी बसलेलं असेल, तर त्याचं प्रमाण बहुधा १ टक्क्याहून कमी आहे असं समजा. महागड्या प्रायमरशी तुलना करायची तर याच यादीने करा. सिलिकॉनच्या जातीत वरची तीन-चार नावं बहुधा तीच सापडतात. फरक असतो तो स्पर्शात, सुगंधात आणि डबीत.

जुन्या परीक्षणांवर विसंबण्याआधी ट्यूबवरची यादी पुन्हा वाचा, कारण ही यादी बदलत्या काळात आहे. सायक्लोपेंटासिलॉक्सेन हे उडून जाणारं सिलिकॉन प्रायमर पातळ आणि रेशमी ठेवतं. युरोपियन संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांना हीच मर्यादा जून २०२७ पासून लागू होते आहे. कंपन्या त्याच्या जागी पातळ डायमेथिकोन, आयसोडोडेकेन किंवा इतर हलके अल्केन वापरू लागल्या आहेत. नाव आणि ट्यूब तीच, आतला माल वेगळा, असं होऊ शकतं. आणि नवा माल जुन्या फाउंडेशनशी जमेलच याची हमी नाही.

रात्री उतरवताना सिलिकॉन साध्या फेसवॉशला दाद देत नाही. कोरड्या हातांनी, कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम मिनिटभर चोळा, नाकाच्या वळणात जास्त. मग थोडं पाणी लावून ते दुधाळ करा, धुवा, आणि त्यानंतर फेसवॉश. डायमेथिकोनने स्वतःहून रोमछिद्रं तुंबत नाहीत. पुटकुळ्या येत असतील तर आधी उतरवण्याची पद्धत तपासा, मग त्या प्रायमरमधले इतर तेलकट घटक. उघडी डबी असेल तर बोट न बुडवता छोट्या चमच्याने काढा, आणि डबीच्या मागे उघड्या झाकणाच्या चित्रात ‘१२ एम’ लिहिलं असेल तर उघडल्याची तारीख तळाला पेनने लिहून ठेवा. पुट्टीच्या वर तेल सुटलं किंवा वास बदलला, तर बारा महिन्यांची वाट बघू नका.

मग काय घ्यायचं? नाक तेलकट आणि छिद्रं मोठी असतील तर सिलिकॉनची सगळ्यात छोटी ट्यूब, फक्त नाकापुरती. ती पुष्कळ महिने पुरते. त्वचा कोरडी असेल, किंवा चष्मा-मास्कचा त्रास असेल, तर पकड देणारं जेल, तेही दमट हवा नसताना. सगळा चेहराच चमकत असेल तर पावडर आणि ब्लॉटिंग पेपर, आणि पावडर पुन्हा लावण्याआधी पेपरने तेल टिपून घ्यायचं, नाहीतर तेलात पावडर भिजून चिखल होतो. घरात आधीच एखादी न जमलेली सिलिकॉनची ट्यूब पडून असेल, तर नव्या चपला घालताना, टाचेला जिथे घासतं तिथे त्वचेवर ती लावा. डायमेथिकोन घर्षण कमी करतं, आणि त्या कामात मात्र तो प्रायमर दिवसभर टिकतो.